रूट गेला कुठे? राउटरांमधला ॲडव्हर्टाइजमेंटचा बिघाड टप्प्याटप्प्याने कसा शोधायचा

"तुमचा रूट आमच्याकडे येत नाहीये." नेटवर्कचं काम करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य सारखं पडतं, आणि बहुतेक वेळा ते अर्धवट असतं. रूट, म्हणजे अमुक पत्त्यांकडे माझ्यामार्फत जाता येतं असा एका राउटरने दुसऱ्याला दिलेला निरोप, मुळात पाठवलाच गेला नसेल. पाठवला पण पलीकडच्या फिल्टरने उडवला असेल. आत घेतला पण वापरला नसेल. किंवा रूट अगदी जागच्या जागी असेल आणि परतीचाच रस्ता नसेल. चारही वेळा समोरचा माणूस हेच वाक्य बोलतो, कारण त्याला दिसतं ते एवढंच: पिंग जात नाही.

त्यामुळे रूट कोणत्या दोन जागांच्या मध्ये हरवला हे कळेपर्यंत कॉन्फिगला हात लावायचा नाही, हा माझा एकमेव हट्ट आहे. खालचे सगळे टप्पे त्याच हट्टातून आले आहेत. बराचसा भाग बीजीपीबद्दल (वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्कं ज्या प्रोटोकॉलने एकमेकांना रूट सांगतात तो) आहे, कारण दोन राउटरांमध्ये काय सांगायचं आणि काय दडवायचं याचं सर्वाधिक स्वातंत्र्य तिथे आहे आणि चुकाही तिथेच जास्त होतात. ओएसपीएफ हा एका संस्थेच्या आतल्या राउटरांचा प्रोटोकॉल, त्याचा स्वभाव वेगळा, त्यामुळे तो शेवटाकडे घेतो.

आज्ञा सिस्कोच्या आयओएस या राउटर-प्रणालीतल्या आहेत आणि इथे तोंडाने बोलतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत जातात.

आधी डोक्यात नकाशा

बीजीपीचं पायाभूत मानक म्हणजे आरएफसी ४२७१, जानेवारी २००६ चं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज). त्यात प्रत्येक राउटरच्या पोटात तीन कप्पे मानले आहेत. शेजाऱ्याकडून आलं ते जसंच्या तसं ॲड्ज-रिब-इनमध्ये. आवक फिल्टरमधून पार होऊन निवडलं गेलं ते लोक-रिबमध्ये. आणि जावक फिल्टरमधून पार होऊन एखाद्या शेजाऱ्यासाठी बाहेर काढलं ते ॲड्ज-रिब-आउटमध्ये. यांच्या शेजारी राउटरचं नेहमीचं राउटिंग टेबल असतं, ज्यात बीजीपी, ओएसपीएफ, स्टॅटिक (हाताने लिहिलेले), कनेक्टेड (थेट जोडलेले) असे सगळे जागेसाठी भांडतात.

म्हणजे एका प्रिफिक्सचा (पत्त्यांच्या एका गटाचा) प्रवास असा: पाठवणाऱ्याचं राउटिंग टेबल, त्याचं बीजीपी टेबल, जावक कप्पा, तार, घेणाऱ्याचा आवक कप्पा, त्याचं बीजीपी टेबल, त्याचं राउटिंग टेबल. सात थांबे. तुम्हाला एवढंच ठरवायचंय की शेवटचा कोणत्या थांब्यावर तो दिसला.

उदाहरणासाठी आर१ घेऊ, एएस (एका संस्थेच्या ताब्यातलं नेटवर्क, बीजीपीत क्रमांकाने ओळखलं जाणारं) ६४५००, पत्ता १९२.०.२.१. समोर आर२, एएस ६४५०१, पत्ता १९२.०.२.२. आर१ ला २०३.०.११३.०/२४ जाहीर करायचा आहे. हे पत्ते आणि एएस क्रमांक उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.

कामाला लागण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: एकच प्रिफिक्स मास्कसकट (तिरक्या रेषेपुढचा आकडा, जेवढा मोठा तेवढा गट लहान), दिशा (कोणाकडून कोणाकडे), आणि व्हीआरएफ (एकाच राउटरमधलं वेगळं राउटिंग टेबल). "काही रूट येत नाहीत" असं असेल तर त्यातला एक निवडा. व्हीआरएफ मुद्दाम लिहायला सांगतोय. ग्लोबल टेबलमध्ये शोधत बसलेली आणि रूट व्हीआरएफमध्ये सुखाने नांदत असलेला, अशी मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो.

सेशन खरंच उभं आहे का

सेशन म्हणजे दोन शेजारी राउटरांमधली बीजीपीची जोडणी. "शो आयपी बीजीपी समरी" मारा आणि शेवटचा रकाना बघा. तिथे आकडा असेल तर सेशन एस्टॅब्लिश्ड आहे आणि आकडा म्हणजे आलेले प्रिफिक्स. शब्द असेल तर सेशन उभं नाही. नवख्यांना हमखास फसवणारा शब्द म्हणजे "ॲक्टिव्ह". ऐकायला छान वाटतो, पण अर्थ असा की राउटर अजून समोरच्याशी टीसीपी जोडणी जमवायच्या खटपटीत आहे.

ॲक्टिव्ह किंवा आयडलमध्ये अडकलं असेल तर कारणं मोजकीच. टीसीपीचा १७९ पोर्ट मध्ये कुठेतरी बंद आहे. शेजाऱ्याचा पत्ता किंवा एएस चुकलाय. पासवर्ड जुळत नाही. लूपबॅकवरून (राउटरच्या आतल्या काल्पनिक इंटरफेसवरून) सेशन करताय पण "अपडेट सोर्स" दिलेला नाही. ई-बीजीपीचा (दुसऱ्या एएसमधला) शेजारी थेट तारेवर नाही आणि मल्टिहॉप दिलेलं नाही, कारण ई-बीजीपीचं पाकीट बाय डिफॉल्ट टीटीएल (किती टप्पे जाता येईल तो आकडा) १ घेऊन निघतं आणि पहिल्याच मधल्या राउटरवर मरतं. "आयडल" पुढे कंसात प्रिफिक्स काउंटचा उल्लेख असेल तर तो वेगळाच किस्सा: त्या शेजाऱ्यासाठी आपण ठरवलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त रूट आले म्हणून राउटरने स्वतःच सेशन पाडलंय. मर्यादा वाढवण्याआधी एवढे रूट आले कुठून ते विचारा. बहुतेकदा पलीकडे कोणाचा तरी फिल्टर गळून पडलेला असतो.

सेशन उभं आहे आणि आकडा शून्य आहे, तर दोन शंका लगेच घ्या. पहिली, ॲड्रेस फॅमिली. आयपीव्ही४ चं सेशन उभं असणं म्हणजे त्यावरून आयपीव्ही६ चे रूट जातील असं नाही. त्या फॅमिलीत शेजाऱ्याला "ॲक्टिव्हेट" करावं लागतं, आणि तेही दोन्ही टोकांना. दुसरी शंका पॉलिसीची. २०१७ मध्ये आलेल्या आरएफसी ८२१२ ने असं ठरवलं की ई-बीजीपी शेजाऱ्यावर पॉलिसी (काय घ्यायचं-द्यायचं याचे नियम) लावलेली नसेल तर काही घ्यायचंही नाही आणि द्यायचंही नाही. सिस्कोच्याच आयओएस एक्सआर या दुसऱ्या प्रणालीची वागणूक आधीपासूनच अशी आहे. एफआरआर या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही पारंपरिक प्रोफाइलमध्ये तसंच होतं, आणि समरीत आकड्याऐवजी "पॉलिसी" हा शब्द दिसतो. जुन्या आयओएसवर हात बसलेला माणूस इथे अर्धा दिवस घालवतो, कारण त्याच्या अनुभवात फिल्टर नसणं म्हणजे सगळं मोकळं.

इनक्यू आणि आउटक्यू (आलेल्या आणि जायच्या संदेशांच्या रांगा) या रकान्यांकडेही नजर असू द्या. आउटक्यू शून्यावर येत नसेल तर तुम्ही लिहिताय पण समोरचा उचलत नाही. हे एमटीयूच्या, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या, बिघाडाचं लक्षण असू शकतं, त्याबद्दल पुढे.

पाठवणाऱ्याकडे रूट आहे का

आर१ वर "शो आयपी बीजीपी २०३.०.११३.०/२४". काहीच आलं नाही तर पलीकडच्याला फोन करायचं कारण नाही, अडचण तुमच्या घरात आहे.

"नेटवर्क" विधानाची गंमत अशी की ते रूट तयार करत नाही. राउटिंग टेबलमध्ये तोच प्रिफिक्स, त्याच मास्कने, आधीपासून असेल तरच ते त्याला बीजीपीत उचलतं. टेबलमध्ये /२४ चे दोन /२५ तुकडे असतील आणि विधान /२४ चं असेल तर बीजीपी चूप बसतं. एरर नाही, इशारा नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. रात्रीच्या एका बदलात मी आतल्या बाजूचं सबनेट /२४ चं /२३ केलं आणि "नेटवर्क" विधान बदलायला विसरलो. सेशन उभं, फिल्टर बरोबर, आणि रूट गायब. मी पाऊण तास जावक रूट मॅप (रूट गाळणारे आणि बदलणारे नियम) वाचत होतो. राउटिंग टेबल बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

यावर जुना उपाय म्हणजे त्या प्रिफिक्सचा स्टॅटिक रूट नल० कडे (पाकिटं टाकून देणाऱ्या नकली इंटरफेसकडे) टाकून ठेवणं. मग आतले तुकडे वर-खाली झाले तरी बाहेरची जाहिरात हलत नाही. किंमत अशी की आतलं नेटवर्क पूर्ण पडलं तरी बाहेरून ट्रॅफिक येत राहतं आणि नल० मध्ये जिरतं. एकच राउटर असेल तर चालतं. दोन ठिकाणांहून तोच प्रिफिक्स जाहीर करत असाल तर दोनदा विचार करा.

रूट रीडिस्ट्रिब्यूशनने, म्हणजे दुसऱ्या प्रोटोकॉलमधून उचलून, येत असेल तर त्यावरचा रूट मॅप तपासा. एग्रिगेट (तुकडे एकत्र करून केलेला मोठा प्रिफिक्स) असेल तर त्याच्या पोटातला किमान एक तुकडा बीजीपी टेबलमध्ये हवा, नाहीतर एग्रिगेट जन्माला येत नाही. उलट "समरी ओन्ली" दिलं असेल तर तुकडे दाबले जातात आणि टेबलमध्ये त्यांच्यापुढे लहान "एस" दिसतो. एखादा तुकडा मुद्दाम बाहेर पाठवायचा असेल आणि तो जात नसेल तर हा "एस" शोधा. डिफॉल्ट रूट (दुसरा कुठलाच रूट जुळला नाही तर वापरायचा) हा आणखी एक हट्टी प्राणी: सिस्कोवर नुसत्या रीडिस्ट्रिब्यूशनने तो बीजीपीत शिरत नाही. त्याला शेजाऱ्यापुरतं "डिफॉल्ट ओरिजिनेट" किंवा त्या अर्थाचं वेगळं विधान लागतं.

रूट टेबलमध्ये आहे, पण डावीकडच्या खुणा काय सांगतात? तारा म्हणजे रूट वैध, बाण म्हणजे तोच सर्वोत्तम. बाण नसेल तर तो बाहेर जाणार नाही, कारण बीजीपी शेजाऱ्याला फक्त आपला सर्वोत्तम मार्ग सांगतं. तपशिलात नेक्स्ट हॉपपुढे (पाकीट पुढे ज्याच्याकडे द्यायचं त्या पत्त्यापुढे) "इनॲक्सेसिबल" लिहिलेलं असेल तर रूट निवडीच्या शर्यतीत उतरलेलाच नाही. आणि लहान "डी" दिसला तर फ्लॅप डॅम्पनिंगने (सारख्या वर-खाली होणाऱ्या रूटला थोपवणाऱ्या सोयीने) त्याला कोंडलंय. सिस्कोच्या डिफॉल्ट आकड्यांत दर फ्लॅपला १००० दंड, २००० च्या पुढे कोंडणं, ७५० च्या खाली आल्यावर सुटका, आणि दंड दर १५ मिनिटांनी निम्मा होतो. म्हणजे मूळ लिंक स्थिर झाल्यावरही रूट बराच वेळ बाहेर दिसत नाही, आणि माणसं तेवढ्या वेळात नसलेला दोष शोधून काढतात.

बाहेर पडतोय का

आता "शो आयपी बीजीपी नेबर १९२.०.२.२ ॲडव्हर्टाइज्ड रूट्स". इथे प्रिफिक्स दिसला तर तुमच्या फिल्टरमधून तो पार झाला. एक सावधगिरी: आयओएसच्या बऱ्याच आवृत्त्यांत ही आज्ञा कोणता रूट गेला हे बरोबर दाखवते, पण जावक रूट मॅपने त्यावर केलेले बदल, उदाहरणार्थ एएस पाथ प्रिपेंड (रस्ता लांब दिसावा म्हणून आपला एएस पुन्हा पुन्हा जोडणं), दाखवत नाही. "प्रिपेंड लागत नाही" अशी तक्रार इथूनच जन्मते. बदल लागला का ते समोरच्याच्या डोळ्यांनीच बघायचं.

प्रिफिक्स दिसला नाही, तर त्याच प्रिफिक्सच्या तपशिलाची पहिली ओळ सावकाश वाचा. "नॉट ॲडव्हर्टाइज्ड टू एनी पिअर" असेल तर त्यावर नो-ॲडव्हर्टाइज कम्युनिटी (रूटला चिकटवलेली खूण) असू शकते, म्हणजे ६५५३५:६५२८२. "नॉट ॲडव्हर्टाइज्ड टू ईबीजीपी पिअर" असेल तर नो-एक्सपोर्ट, म्हणजे ६५५३५:६५२८१. आतल्या कोणत्या तरी राउटरवर कोणीतरी चांगल्या हेतूने ती चिकटवलेली असते. कम्युनिटीचा उलटा घोळही होतो: पलीकडचा तुमच्या कम्युनिटीवर विसंबून निर्णय घेतोय आणि तुम्ही पाठवतच नाही, कारण आयओएसमध्ये "सेंड कम्युनिटी" शेजाऱ्यावर स्वतंत्रपणे चालू करावं लागतं.

मग जावक प्रिफिक्स लिस्ट. इथल्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की डोळे मिटून सांगता येतात. "परमिट १०.०.०.०/८" लिहिलं की फक्त तो एकटा /८ पार होतो. १०.१.०.०/१६ अडतो, कारण तो "आत" असला तरी लांबी जुळत नाही. तुकडेही सोडायचे असतील तर "एलई २४" (मास्क २४ पर्यंत चालेल) असं जोडावं लागतं. "परमिट ०.०.०.०/०" चा अर्थ "सगळं सोडा" नसून "फक्त डिफॉल्ट रूट सोडा" असा आहे. सगळं सोडायला "एलई ३२" हवं. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी न लिहिलेला एक "डिनाय" उभा असतो. रूट मॅपलाही तेच लागू: दहाव्या क्रमांकावर एका प्रिफिक्सला प्रिपेंड लावलात आणि विसाव्यावर मोकळं "परमिट" ठेवलं नाहीत, तर त्या एका प्रिफिक्सखेरीज बाकी सगळे बाहेर पडायचे थांबतात. "परवापर्यंत चालत होतं, आम्ही फक्त प्रिपेंड लावला" हे वाक्य ऐकलं की मी सरळ इथे येतो.

आय-बीजीपी (एकाच एएसच्या आतलं बीजीपी) असेल तर आणखी एक भिंत आहे. आय-बीजीपी शेजाऱ्याकडून शिकलेला रूट दुसऱ्या आय-बीजीपी शेजाऱ्याला सांगायचा नाही, हा मूळ नियम. म्हणून सगळ्यांनी सगळ्यांशी सेशन करायचं, म्हणजे १० राउटरांना ४५ सेशन. हे टाळायला रूट रिफ्लेक्टर, म्हणजे एकाचे रूट दुसऱ्याला सांगणारा मध्यस्थ राउटर, आला, आरएफसी ४४५६. पण रिफ्लेक्टरही सगळं सगळ्यांना सांगत नाही. क्लायंटकडून आलेलं तो सर्वांना सांगतो, नॉन-क्लायंटकडून आलेलं फक्त क्लायंटना. नवा राउटर जोडताना "क्लायंट" ही ओळ राहून गेली की तो राउटर नॉन-क्लायंट ठरतो. मग क्लायंटचे रूट त्याला मिळतात, त्याचे रूट क्लायंटना मिळतात, आणि फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या नॉन-क्लायंटशी जमत नाही. अर्ध्या रूटचं हे अर्धवट चित्र दिसलं की फिल्टर शोधू नका, रिफ्लेक्टरची शेजारी-यादी वाचा.

ज्युनिपरवाल्यांसाठी दोन वेगळ्या गोष्टी. तिथे राउटिंग टेबलमध्ये ॲक्टिव्ह असलेला रूटच बीजीपी जाहीर करतं. तोच प्रिफिक्स स्टॅटिकने जिंकला असेल तर बीजीपीचा रूट बाहेर जात नाही. सिस्कोवर अशा रूटपुढे "आर" लागतो, रिब फेल्युअर म्हणून, पण तो बाय डिफॉल्ट जाहीर होतच राहतो. दुसरं, ज्या एएसकडून रूट शिकला त्याच एएसच्या दुसऱ्या शेजाऱ्याला ज्युनिपरची जूनॉस प्रणाली तो आपणहून सांगत नाही. दोन शाखा एकाच एएस क्रमांकावर चालवत असाल तर एकीचे रूट दुसरीकडे न दिसण्याचं हे पहिलं कारण.

पलीकडे पोहोचून परत फिरवला का

आता आर२ वर. इथे "रिसीव्हड रूट्स" आणि नुसतं "रूट्स" या दोन आज्ञांतला फरक समजला की निम्मं काम होतं. पहिली फिल्टरच्या आधीचं दाखवते, दुसरी फिल्टरच्या नंतरचं. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, तर आवक फिल्टरने खाल्ला. आयओएसवर पहिली आज्ञा चालायला त्या शेजाऱ्यावर "सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन इनबाउंड" आधीपासून चालू असावं लागतं. त्याला मेमरी लागते, म्हणून पूर्ण इंटरनेट टेबल घेणाऱ्या राउटरवर ते सरसकट लावू नका.

फिल्टर निर्दोष निघाला तर लूप तपासा. आलेल्या एएस पाथमध्ये आर२ चा स्वतःचा एएस असेल तर तो रूट निमूटपणे टाकून देतो. एकाच एएसच्या दोन शाखा मधल्या पुरवठादारामार्फत बोलत असतील तर हे होणारच. उपाय दोन: घेणाऱ्याकडे "अलाउ-एएस-इन" किंवा पुरवठादाराकडे "एएस ओव्हरराइड". दोन्ही लूपपासूनचं संरक्षण सैल करतात, तेव्हा मोजून-मापून.

रिफ्लेक्टरच्या जाळ्यात हाच प्रकार राउटर आयडीने होतो. ओरिजिनेटर आयडी स्वतःचाच दिसला की राउटर रूट टाकून देतो. कॉन्फिग कॉपी-पेस्ट करून नवा राउटर उभा केला आणि आयडी बदलायचा राहिला, तर या दोघांना एकमेकांचे रूट कधीच दिसत नाहीत, बाकी सगळ्यांना मात्र दोघांचेही दिसतात.

आहे पण वापरत नाही

आर२ च्या बीजीपी टेबलमध्ये रूट आहे, बाण नाही किंवा राउटिंग टेबलमध्ये नाही. नव्वद टक्के वेळा नेक्स्ट हॉप, असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा सोडा, पहिला संशयित तोच. आय-बीजीपी नेक्स्ट हॉप बदलत नाही. सीमेवरच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता तसाच आत जातो, आणि आतल्या राउटरला तो पत्ता कुठे आहे हेच ठाऊक नसतं. सीमेवर "नेक्स्ट हॉप सेल्फ" लावा, किंवा ते बाहेरचं सबनेट आतल्या आयजीपीत (ओएसपीएफसारख्या आतल्या प्रोटोकॉलमध्ये) घाला. मला पहिला उपाय आवडतो, कारण तो सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळतो.

दुसरं कारण म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे कोणत्या स्रोताचा रूट आधी मानायचा तो आकडा; लहान आकडा जिंकतो. सिस्कोवर स्टॅटिक १, ई-बीजीपी २०, ओएसपीएफ ११०, आय-बीजीपी २००. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी "तात्पुरता" टाकलेला स्टॅटिक रूट असेल तर तो सगळ्यांना पुरून उरतो.

आणि सगळं नीट असूनही पिंग जात नसेल तर परतीचा रस्ता. राउटरवरून मारलेलं पिंग बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा पत्ता सोर्स म्हणून घेतं. तो पत्ता पलीकडे कोणाला माहीत नसेल तर उत्तर येणार कुठून? सोर्स म्हणून जाहीर केलेल्या प्रिफिक्समधला पत्ता देऊन पुन्हा पिंग मारा.

तीन मिनिटांचं सेशन

हा दोष सावकाश बघण्यासारखा आहे. दोन राउटर लूपबॅकवरून बोलतात. दोन्ही टोकांना एमटीयू १५००, पण मधल्या रस्त्यात जीआरई टनेल (पाकीट दुसऱ्या पाकिटात गुंडाळून नेणारा) आहे, म्हणजे २४ बाइट गेले आणि उरले १४७६.

सेशन मागितलं. टीसीपीचा हस्तांदोलनाचा भाग लहान पाकिटांत होतो, पार होतो. ओपन संदेश लहान, पार. कीपअलाइव्ह (मी अजून आहे, असा संदेश) तर अवघा १९ बाइटांचा, पार. दोन्हीकडे "एस्टॅब्लिश्ड", सगळे खूश. मग आर१ आपले रूट पाठवायला घेतो. अपडेट संदेश ४०९६ बाइटांपर्यंत असू शकतो, त्यामुळे टीसीपी भरभरून सेगमेंट बनवतं: १४६० बाइट डेटा, वर ४० बाइटांचं हेडर, एकूण १५००, आणि "तुकडे करू नका" ही खूण लावलेली. टनेलच्या तोंडाशी पाकीट अडतं. तिथला राउटर आयसीएमपी या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलने कळवतो की लहान करा, पण मध्ये कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलंय. निरोप पोहोचत नाही. आर१ तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

आता मेख इथे आहे: आर१ चे पुढचे कीपअलाइव्ह लहान असले तरी ते त्याच टीसीपी प्रवाहात, अडलेल्या सेगमेंटच्या मागे रांगेत आहेत. आर२ च्या बीजीपीला काहीच ऐकू येत नाही. १८० सेकंदांनी त्याचा होल्ड टायमर संपतो, तो "होल्ड टाइम एक्स्पायर्ड" असं नोटिफिकेशन पाठवून सेशन तोडतो. लगेच पुन्हा जुळतं, पुन्हा तीन मिनिटं.

ओळखायची खूण: समरीतला अप/डाउन रकाना तीन मिनिटांच्या पुढे कधी जात नाही, पाठवणाऱ्याचा आउटक्यू साचलेला, आणि थोडेच रूट असताना सगळं नीट चालत होतं. खात्रीसाठी डीएफ (तुकडे करू नका) खूण लावून मोठं पिंग मारा. सिस्कोवर आकार १५०० द्या, लिनक्सवर १४७२, कारण लिनक्स २८ बाइटांचं हेडर वेगळं धरतं. मोठं अडलं आणि लहान गेलं तर दोषी सापडला. खरा उपाय म्हणजे रस्त्याचा एमटीयू सरळ करणं किंवा तो आयसीएमपी निरोप मोकळा सोडणं. टीसीपीचा एमएसएस (एका सेगमेंटमधला कमाल डेटा) कमी करणं ही मलमपट्टी, पण रात्री दोन वाजता मलमपट्टीलाही मोल असतं.

ओएसपीएफ

इथे "शेजाऱ्याला काय सांगू" असा प्रश्नच नसतो. एका एरियातल्या (राउटरांच्या एका गटातल्या) सगळ्यांकडे डेटाबेस सारखाच असायला हवा, आणि प्रत्येक जण त्यावरून स्वतः हिशेब करतो. म्हणून पहिलं पाऊल: हवा असलेला एलएसए (राउटरने पसरवलेली डेटाबेसमधली नोंद) दोन्ही राउटरांच्या डेटाबेसमध्ये आहे का? डेटाबेसमध्ये आहे पण टेबलमध्ये नाही, तर दोष हिशेबात. डेटाबेसमध्येच नाही, तर दोष शेजारात किंवा एरियाच्या प्रकारात.

शेजार जमत नसेल तर एरिया, सबनेट मास्क, हॅलो आणि डेड टायमर (इथरनेटवर १० आणि ४०), ऑथेंटिकेशन आणि पॅसिव्ह इंटरफेस बघा. एक्सस्टार्टमध्ये (डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होण्याच्या अवस्थेत) अडकला असेल तर एमटीयू. "एमटीयू इग्नोर" लावून सेशन पुढे ढकलता येतं, पण मूळ फरक तसाच राहतो.

फसवा प्रकार असा: शेजार "फुल" आहे आणि तरीही रूट नाहीत. एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट, दुसऱ्या टोकाला पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हींचे टायमर सारखे असल्यामुळे शेजार जमतो, पण दोघे त्या तारेचं वर्णन वेगवेगळं करतात आणि हिशेबात ती तार जुळतच नाही. डेटाबेसच्या तपशिलात "ॲडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल" अशी ओळ दिसते. हिशेबातला दुसरा अपघात म्हणजे बाहेरून आलेल्या टाइप ५ एलएसएचा फॉरवर्डिंग ॲड्रेस ओएसपीएफच्या आतल्या रूटने गाठता न येणं.

स्टब एरियात टाइप ५ येणारच नाही, तिथे बाहेरचा रूट शोधणं व्यर्थ. जुन्या आयओएसवर रीडिस्ट्रिब्यूट करताना "सबनेट्स" हा शब्द राहिला तर सबनेट केलेले रूट गळतात. आणि डिस्ट्रिब्यूट लिस्ट आवक दिशेला लावली तरी ती फक्त त्या राउटरच्या टेबलपुरती गाळते. एलएसए पुढे जातच राहतो. "मी इथे अडवला तरी पुढच्याकडे कसा दिसतो" याचं उत्तर तेच.

दुरुस्ती लावताना

फिल्टर बदलल्यावर सेशन पाडू नका. जावक बदलाला "क्लिअर आयपी बीजीपी १९२.०.२.२ सॉफ्ट आउट", आवक बदलाला "सॉफ्ट इन". रूट रिफ्रेशची सोय, आरएफसी २९१८, दोन्हीकडे असेल तर समोरचा आपले रूट पुन्हा पाठवतो आणि ट्रॅफिकला धक्का बसत नाही. क्लिअरपुढे तारा टाकून एंटर मारणारे हात मला अजून भेटतात. मग थोडं थांबा. ई-बीजीपीत अपडेटमधलं अंतर ३० सेकंदांपर्यंत असू शकतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात बरोबर केलेला बदल उलटवून टाकणारे कमी नाहीत. डीबग लावायचाच तर एका शेजाऱ्यापुरता आणि एका प्रिफिक्स लिस्टपुरता.

इंटरनेटवर जाहीर करत असाल तर

शेजाऱ्याने घेतला, पण पुढे जग घेत नाही, अशीही वेळ येते. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा लहान आणि आयपीव्ही६ मध्ये /४८ पेक्षा लहान तुकडा बहुतेक नेटवर्क घेत नाहीत. पुरवठादार आयआरआर या रूटांच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या नोंदींवरून फिल्टर बनवत असेल तर तुमचा नवा प्रिफिक्स नोंदवल्याशिवाय पार होणार नाही, आणि नोंदवल्यावरही त्याचा फिल्टर पुन्हा तयार होईपर्यंत वेळ जातो. आरपीकेआय या रूटचा हक्क सहीने तपासायच्या व्यवस्थेतला सापळा बारीक आहे: आरओए (कोणता एएस काय जाहीर करू शकतो याचा दाखला) /२३ चा, मॅक्स लेंग्थ २३, आणि ट्रॅफिक वळवायला तुम्ही /२४ जाहीर केला. तो /२४ "इनव्हॅलिड" ठरतो आणि तपासणी करणारी नेटवर्क तो फेकतात. मूळ /२३ चालू असल्याने काहींना सगळं ठीक दिसतं, काहींना ट्रॅफिक भलत्या वाटेने जाताना दिसतं.

रूट जगभर दिसतोय पण ट्रॅफिक तुमच्याकडे येत नाही, तर तुमच्याहून लांब मास्कचा तोच पत्ता दुसरं कोणी जाहीर करतंय का बघा. २४ फेब्रुवारी २००८ रोजी यूट्यूबचा २०८.६५.१५२.०/२२ जागच्या जागी होता. पाकिस्तान टेलिकॉमकडून २०८.६५.१५३.०/२४ बाहेर निसटला, वरच्या पुरवठादाराने तो पुढे जाऊ दिला, आणि लांब मास्क जिंकतो या एका नियमाने ट्रॅफिक तिकडे गेलं. यूट्यूबच्या राउटरवर बघणाऱ्याला आपल्या जाहिरातीत एकही चूक सापडली नसती. अशा वेळी राइप आरआयएस, ओरेगन विद्यापीठाचं राउटव्ह्यूज आणि निरनिराळ्या नेटवर्कांची लुकिंग ग्लास (त्यांचं टेबल बाहेरून बघायची पानं) हेच डोळे.

समोरच्याला काय लिहायचं

दोष पलीकडे आहे असं ठरलं की निरोप असा पाठवा: प्रिफिक्स मास्कसकट, दोन्ही शेजारी पत्ते, दोन्ही एएस क्रमांक, सेशन किती वेळ उभं आहे, तुमच्या "ॲडव्हर्टाइज्ड रूट्स"मधली ती एक ओळ, आणि वेळ यूटीसीत. मग एकच प्रश्न: "फिल्टरच्या आधीच्या आवक कप्प्यात हा दिसतो का?" उत्तर "हो" आलं तर त्यांचा आवक फिल्टर. "नाही" आलं तर दोन्ही टोकांना टीसीपी १७९ चं कॅप्चर (तारेवरच्या पाकिटांची नोंद) लावून अपडेटमध्ये तो प्रिफिक्स प्रत्यक्ष बघा, आणि शक्य असेल तर कॅप्चर चालू असतानाच "सॉफ्ट आउट" मारा, म्हणजे वाट बघत बसावं लागत नाही.